कोणता एक

आमच्या घरी भाकऱ्या लेथच्या तालावर थापल्या जायच्या. मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये आबांचं लोखंड कातायचं लेथ मशीन होतं आणि शेड व स्वयंपाकघराच्या मध्ये एक जाळीचं दार. लेथचा चामडी पट्टा एका जागी शिवलेला होता. तो सांधा पुलीवरून गेला की टक् असा आवाज यायचा आणि आईचा हात त्या आवाजावर पडायचा. आबांनी वेग वाढवला की भाकरीही भराभर फिरायची. पट्टा थांबला की आई तवा उतरवून ताट वाढायला घ्यायची; आबा हात धुवायला निघाले हे तिला डोकावून पाहावं लागायचं नाही. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा, वरून कच्चं तेल आणि या सगळ्याला मशीनच्या तेलाचा हलकासा वास. इतरांना बालपण म्हटलं की फुलांचे वास आठवतात म्हणे. मला जळकं तेल आठवतं आणि त्याचं मला काही वाईट वाटत नाही.

आबा मूळचे अमळनेरचे. तिथल्या एका तेलगिरणीत टर्नर होते. गिरणी बंद पडल्यावर तिथलंच एक जुनं लेथ त्यांनी भंगारातून सोडवलं, जळगावला आणलं आणि घराच्या मागे बसवलं. डाळ मिलचे बुश, पंपाचे शाफ्ट, ट्रॅक्टरच्या पिना अशी कामं यायची. आबा बोलायचे कमी. जे काही सांगायचं ते मशीनच बोलतंय अशी त्यांची समजूत असावी. गिऱ्हाइकाने घासाघीस केली तर ते त्याच्याकडे न बघता हातातला जॉब, म्हणजे कातलेला भाग, कापडाने पुसत बसायचे, आणि गिऱ्हाईकच शेवटी ओशाळून गप्प व्हायचं.

मी शाळेच्या वरच्या वर्गात होते तेव्हा आबा माणसांकडे तिरकं बघायला लागले. समोरच्याशी बोलताना मान जरा डावीकडे वळवायची आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला न्याहाळायचं. गल्लीतल्या बायकांना वाटलं, यांना गर्व चढला. डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग सुकत चाललाय, कडेचं दिसत राहील, मधलं जात राहील, यावर उपाय नाही. त्यामुळे बाहेरच्या कुणाला पत्ता लागत नव्हता. आबा रस्त्याने नीट चालायचे, चहा न सांडता ओतायचे, दारातली चप्पल बरोबर पायात घालायचे. पण ज्या गोष्टीकडे थेट बघायला जावं तेवढीच गोष्ट पुसली जायची. माझं तोंड त्यांना माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी दिसेनासं झालं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

लेथच्या हँडलवर बारीक रेघांची डायल असते. त्या रेघा गेल्या. तेव्हापासून तेलाच्या उपड्या डब्यावर बसून त्या वाचणं हे माझं काम झालं. आबांचा हात हँडलवर, माझे डोळे डायलवर. ते विचारायचे, "कितलं शे?" मी आकडा सांगायचे. पुन्हा थोडा फेरा, पुन्हा "कितलं शे?" दिवसभर हे दोन शब्द घरात फिरायचे. शाळेतून आले की दप्तर टाकायच्या आधी शेडमधून हाक यायची. मला कंटाळा यायचा, कधी चीडही यायची, पण एक सांगते, माझ्या आकड्यावर विश्वास ठेवून माणूस लोखंड कापतोय ही गोष्ट त्या वयात अंगाला लागते. पुढे आयुष्यात कुणी माझ्या शब्दावर इतका भरवसा ठेवला नाही.

बारावीनंतर मला धुळ्याला डी.एड.ला प्रवेश मिळाला. राहायचं तिथल्याच वसतिगृहात. घरात आनंद झाला, पण दुसऱ्याच क्षणी प्रत्येकाच्या डोक्यात एकच प्रश्न होता. मी गेले तर डायल कोण वाचणार? मी वाचली नाही तर आबांचं लेथ थांबणार आणि लेथ थांबलं तर आबांचं काय उरणार? मी जात नाही असं म्हटलं, तर आबा त्या दिवशी जेवले नाहीत. मग धुळ्याहून मामा आले. आईचे धाकटे भाऊ, एका कारखान्यात मशीनच्या देखभालीवर होते. त्यांनी गोणपाटात गुंडाळून एक करडी पेटी आणि दोन लांबट नळ्या आणल्या. कारखान्याने जुनी मशीनं काढली, त्यातल्या एकीवरचा हा डीआरओ. म्हणजे आकडे दाखवणारी पेटी. डायल वाचायची गरजच नाही, लोखंड कापणारं टूल किती सरकलं ते पेटीवर अंगठ्याएवढ्या लाल आकड्यांत पेटतं, असं मामांनी समजावलं.

तो बसवायला मात्र घाम निघाला. नळीच्या आत काचेची पट्टी आणि तिच्यावर सरकणारं एक डोकं. एक लांब नळी लेथच्या लांबीने बसवायची, दुसरी आखूड आडव्या स्लाइडवर. नळी जागची हलायची नाही आणि डोकं टूलबरोबर सरकलं पाहिजे. नव्या मशीनला यासाठी सपाट जागा असते. आमच्या म्हाताऱ्या लेथचं अंग ओतीव, उंचसखल, त्यावर रंगाचे आणि पुट्टीचे थर. मामांनी ते खरवडलं तेव्हा आबा बाहेर जाऊन बसले. भोकं पाडायची वेळ आली तेव्हा आत आले आणि ड्रिल मामांच्या हातातून काढून घेतलं. पाडायचीच तर मी पाडतो, असं म्हणाले. बोटाने जागा चाचपली, मामांनी पंच मारून दिला आणि आबांनी भोकं पाडली, त्यात आटेही हाताने फिरवून काढले. नळी वाकडी बसत होती तिथे तुपाच्या डब्याचा पत्रा कापून पट्ट्या घातल्या. ती मशीनला समांतर आहे का हे बघायला मामांनी मापाचं काट्याचं घड्याळ लावलं. मामा टूल धरणारं कॅरेज सरकवायचे, मी काटा किती हलला ते सांगायचे आणि आबा कानाने आम्हा दोघांवर लक्ष ठेवायचे. वर कचरा पडू नये म्हणून पत्र्याची झाकणं केली. आईने मध्येच डुबुकवड्यांचा रस्सा केला होता, तो आम्ही तेलकट हातांनीच खाल्ला.

पेटीला वीज दिली की पहिल्यांदा क्षणभर तिचे सगळे आकडे एकदम पेटतात, रांगेने आठच आठ. आई कुंकवाची कोयरी घेऊन उभी होती. ती म्हणाली, "हाई काय, बठ्ठा चारच!"

मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला. आई दुसरीपर्यंत शिकलेली, कॅलेंडर वाचायची, एसटीच्या पाटीवरचा नंबर वाचायची, सगळं मराठी आकड्यांत. पेटीवरचे आकडे इंग्रजी. इंग्रजी आठ तिला मराठी चार वाटला. रुपयाच्या नाण्यावरचा आकडाही ती आकडा म्हणून कधी वाचत नसे, रुपया म्हणून ओळखायची. मामांनी समजावलं, अक्का, हे आठ आहेत. आई लाजली आणि पेटीला कुंकू लावून आत गेली. मग आबांनी मान वळवली, डोळ्याच्या कोपऱ्यात पेटी धरली आणि हळूहळू वाचलं, "पंचवीस, टिंब, चार." जुन्या स्क्रूची ढिलाई इतकी होती की हँडल थोडं फिरलं तरी स्लाइड जागची हलायची नाही. ती ढिलाई आबांच्या मनगटाला पाठ होती, पण पेटीला तिच्याशी देणंघेणं नव्हतं. स्लाइड हलली तरच आकडा हलायचा. आबा पुन्हा पुन्हा हँडल फिरवून बघत राहिले. मी रडले. मला जाता येणार होतं.

निघताना मी विचारलं की सगळं दिसतंय ना, नक्की जमेल ना. आबा म्हणाले, "माले बठ्ठं दिखस. तू धुयाले जाय."

धुळ्यात मी रमले. खोटं कशाला बोलू, घराची आठवण यायची पण त्या डब्याची यायची नाही. सुटीला घरी गेले की लेथ चालू असायचं, जॉब तयार असायचे, आबा तिरकं बघत हसायचे. "कितलं शे?" हे घरातून हद्दपार झालं होतं असं मला वाटलं. एका शनिवारी मात्र न कळवता आले. मागच्या गल्लीने आले, तर शेडमधून आईचा आवाज.

"कोयता. पोटुशी. काडी."

आबा म्हणाले, "शहात्तर, एक. बस."

मी शेडच्या दारापाशी उभी राहिले. माझ्या डब्यावर आई बसली होती, पदर खोचून, पेटीकडे डोळे लावून. लाल आकडेही आबांच्या डोळ्यांतून कधीच गेले होते आणि दोघांनी मिळून एक भाषा तयार केली होती. इंग्रजी एक म्हणजे काडी. चार म्हणजे खुर्ची. पाच म्हणजे साप, सहा म्हणजे पोटुशी, सात म्हणजे कोयता. दोन, तीन आणि शून्य आईला तसेच कळायचे. आठाला ती चारच म्हणायची आणि नवाला एक, कारण मराठी एकाचा आकडा इंग्रजी नवासारखा दिसतो. आबांनी तिला ते सोडायला लावलं नाही. तिने चार म्हटलं की ते मनात आठ धरायचे, एक म्हटलं की नऊ. सवयीचं झालं होतं सगळं. मला आधी हसू आलं. पोटुशी म्हणे. मग हसू राहीना. मी आत गेले आणि आता मी परत जात नाही असं जाहीर केलं. आबांनी मशीन बंद केलं. ते म्हणाले की हे होऊ नये म्हणूनच तुला सांगितलं नव्हतं. आई डब्यावरून उठलीसुद्धा नाही.

"तू शिक," ती म्हणाली. "आठे मी शे ना."

इथे मी आहे ना, या तिच्या वाक्याने मी पुन्हा धुळ्याची बस धरली. इथे जरा थांबते. हे लिहिताना मला मधून मधून उठावं लागतं, कारण डॉक्टरांनी नेमून दिलेलं एक काम आहे. न्हाणीघरात जायचं, एक डोळा झाकायचा आणि भिंतीवरच्या फरश्यांच्या रेषा बघायच्या. सरळ दिसतात की वाकड्या? मग दुसरा डोळा. आबांचा पडदा मला मिळालाय. उजव्या डोळ्याला मधल्या रेषा हल्ली वाकलेल्या दिसतात, आणि यामुळेच मी शाळेची नोकरी मुदतीआधी सोडली. राग येतो. कुणावर काढायचा ते कळत नाही, म्हणून फरश्याच घासते.

दसऱ्याच्या आधी वसतिगृहात फोन आला. मला फक्त एवढंच सांगितलं की आबांच्या हाताला लागलंय. धुळे ते जळगाव एसटीत मी उभी होते की बसले होते हे आठवत नाही. दवाखान्यात आबा कॉटवर होते, उजव्या हाताला कोपरापर्यंत पांढरं बँडेज. तर्जनी आणि मधलं बोट गेलं होतं. डोळे गेल्यावर त्यांनी सगळं ज्या बोटांवर सोपवलं होतं तीच ही बोटं. याच बोटांनी ते भोकाची धार तपासायचे, कॅलिपरची पकड जोखायचे, माझ्या कपाळाला ताप आहे का बघायचे.

झालं ते मामांकडून कळलं. लांब शाफ्टचं काम होतं. मशीन आपोआप चाललं होतं, टूल हळूहळू चककडे सरकत होतं. चक म्हणजे जॉब पकडून गरगर फिरणारा जबडा. टूल आणि चक यांच्यामध्ये किती अंतर राहिलं ते पेटीवर उतरत येत होतं. आबा उजव्या हाताने ब्रशने जॉबवर तेल सोडत होते आणि आई मधून मधून अंतर सांगत होती. अंतर फार राहिलेलं नसताना त्यांनी हात काढला नाही, फीड, म्हणजे टूलचं आपोआप सरकणं, थांबवला नाही. टूल चकवर आदळलं, टूलपोस्ट फिरला आणि हात मध्ये सापडला. आईने ओरडत बटण बंद केलं, पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. मामांना कळत नव्हतं की इतकी वर्षं कान इतके तयार असलेला माणूस असा गाफील कसा राहिला. आई भिंतीला टेकून खाली बसली होती. पदरावर रक्त वाळलेलं होतं आणि ती एकटक माझ्या चपलांकडे बघत होती. तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

संध्याकाळी आबांनी तिला जवळ बोलावलं. मी पायथ्याशी उभी होते. त्यांचा आवाज शांत होता. एखाद्या बिघडलेल्या जॉबची चौकशी करावी तसे ते बोलत होते.

"तू एक, शून्य सांगेल व्हतं ना?"

आईने मान हलवली. त्यांना ती दिसली नसणार, पण कळली.

"कोनता एक?"

आईने पदरावरचा वाळलेला डाग नखाने खरवडला. मग म्हणाली, "खरा एक."

मला समजायला थोडा वेळ लागला, आबांना लागला नाही. शेजारच्या घरी एक लहान मुलगी होती. गेले काही महिने दुपारी आई तिच्याकडे जाऊन तिच्या अंकलिपीवरून इंग्रजी आकडे शिकत होती. आबांना किती दिवस मनात उलटसुलट करायला लावायचं, आपणच नीट शिकावं, असं तिला वाटलं. शेवटचे आठवडे तिला सगळे आकडे येत होते, पण ती जपून जुनीच नावं घेत होती. खंडेनवमीला मशीनची पूजा झाली की आबांना खरे आकडे वाचून दाखवायचे असं तिने ठरवलं होतं. त्या दिवशी तिने आधी सांगितलेला आकडा शंभराच्या वरचा होता. मग पेटीवर दहा पेटले आणि काडी म्हणायच्या ऐवजी तिच्या तोंडून एक निघून गेलं. तिने दहा सांगितले. आबांनी नव्वद ऐकले. नव्वद मिलिमीटर अंतर असताना कुणी हात काढत नाही.

"माले आते वाचता येस," आई म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की शेजारच्या कॉटपाशी बसलेल्या बाईने वळून पाहिलं.

आबा छताकडे बघत होते, म्हणजे छत सोडून इतर सगळीकडे. मग म्हणाले, "मंग तुनं बरोबर शे." आणि तोंड भिंतीकडे करून पडून राहिले. त्यांनी तिला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला आजही वाटतं. शिवीला उत्तर देता येतं. बरोबर ठरलेल्या माणसाने काय करायचं?

मी पुन्हा घरी राहायचं म्हटलं. या वेळी आबांनीच ते मिटवलं. आता वाचायला काही उरलं नाही, असं म्हणाले, आणि ते खरं होतं. लेथ नशिराबादच्या एका कारागिराने नेलं. त्याला पेटी नको होती, म्हणून मामांनी ती उतरवली. आबांनी एकच आग्रह धरला, भोकं उघडी ठेवायची नाहीत. त्यांनी डाव्या हाताने प्रत्येक भोकात बोल्ट फिरवून बसवला, आणि मगच मशीन टेम्पोत चढलं. त्यानंतर ते ओट्यावर खाटेवर बसायचे, उजवा हात डाव्या हातात लपवून. जेवायला हाक मारावी लागायची, कारण आता पट्ट्याचा आवाज नव्हता. आईच्या भाकरीचा तालही गेला. कधी जाड, कधी फाटकी. आबा ती तशीच खायचे. काही वर्षांनी एका उन्हाळ्यात आबा गेले.

शेजारच्या मुलीच्या अंकलिपीला आई पुन्हा कधी शिवली नाही. त्या दिवसानंतर तिने एकही आकडा वाचला नाही, इंग्रजी नाही आणि मराठीही नाही. कॅलेंडरची तारीख ती शेजारणीला विचारायची. एसटी स्टँडवर डोळ्यांसमोर पाटी असताना दुसऱ्याला विचारायची, ही कुठली गाडी? मी पहिलीच्या वर्गाला शिकवत होते तेव्हा मुलं आठाला चष्मा म्हणायची, एकाला काठी म्हणायची. इतर शिक्षिका कौतुकाने हसायच्या. मी मात्र अंगावर जायचे. आठाला आठच म्हणायचं, दुसरं नाव नाही, असं ओरडायचे, आणि मुलं घाबरून बघत राहायची. माझ्या मागे ती मुलं मला काय म्हणत असतील ते मला माहीत आहे.

परवा पडदा तपासायला गेले होते. आई बरोबर होती. तिचं आता पार वय झालंय, पण मोतीबिंदू काढल्यापासून नजर स्वच्छ आहे, आणि थेंब घातले की मला कुणीतरी धरून आणावं लागतं. खिडकीतल्या मुलीने माझा नंबर एकोणीस असल्याचं सांगितलं आणि थेंब घालून मला बाकावर बसवलं. समोरच्या भिंतीवर नंबर दाखवणारी पेटी होती. काळी, आणि तिच्यावर लाल आकडे. मला तिथे फक्त एक लाल डाग दिसत होता. मध्येच टुण् असा आवाज यायचा, डाग हलायचा, कुणीतरी उठून आत जायचं. आईला विचारायची माझी हिंमत झाली नाही. इतक्या वर्षांत मी तिला एकही आकडा वाचायला सांगितला नव्हता. पलीकडच्या माणसाला विचारावं म्हणून मी वळले, तेवढ्यात पुन्हा टुण् वाजलं आणि आईने माझं मनगट धरलं.

"एक, नऊ," ती म्हणाली. "खरा एक. खरा नऊ. ऊठ आते."